घरट्यासाठी कॅमेरा

"बेडरूम केवढी आहे?" सेल्समनने विचारलं, आणि तेही मुलाला.

बाई शेजारच्याच स्टुलावर बसल्या होत्या. बेडरूम त्यांची, घर त्यांचं, कॅमेराही त्यांनाच हवा होता. पण दुकानात शिरल्यापासून सेल्समनचं सगळं बोलणं त्यांच्या मुलाशी चाललं होतं. बाई म्हणजे जणू मुलाने सोबत आणलेली छत्री.

"बेडरूमचा काय संबंध?" बाई म्हणाल्या. "पक्षी परसात आहेत."

परसात, कपडे वाळत घालायच्या दोरीलाच शिंजिराच्या मादीने घरटं लटकवलं होतं. अंगठ्याएवढा जीव. कोळ्याची जाळी, झाडाची साल, कुठल्याशा पाकिटाचा चकचकीत तुकडा, मिळेल ते आणून तिने ते विणलं होतं, वर दारावर छोटासा छज्जासुद्धा काढला होता. आता आत पिल्लं होती. माणूस जवळ दिसला की ती घरट्याकडे फिरकत नसे आणि पिल्लं उपाशी राहत. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून, लांबूनच सगळं टिपता येईल असा कॅमेरा बाईंना हवा होता. तोही आजच, कारण पिल्लं उडायच्या बेतात होती. एकदा उडाली की संपलं. हे सगळं त्यांनी फोनवर मुलाला नीट सांगितलं होतं. तो लगेच "चल, मी येतो" म्हणाला, तेव्हा त्यांना केवढं बरं वाटलं होतं.

सेल्समनने वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे चेंडूएवढा पांढरा डबा होता, मधोमध काळी काच. "मावशी, हा घ्या. भिंतीवर बसवला की तुम्हाला काही करायचंच नाही. अंधारातही दिसतं. माणूस हलला की मान वळवतो. साहेबांना ऑफिसात बसून मोबाइलवर सगळं दिसणार."

"आणि पक्षी हलला की?"

सेल्समनने मुलाकडे पाहिलं. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

बाई उठल्या. डब्याने मान वळवली. समोरच्या मोठ्या टीव्हीवर त्यांना स्वतःचं डोकं दिसलं, वरून, विरळ झालेल्या भांगासकट. त्या डावीकडे सरकल्या. डबाही सरकला.

"हा कोणासाठी आहे?" त्यांनी विचारलं.

"साहेब कालच बोलून गेलेत की," सेल्समन बिचारा खरं बोलून बसला. "एक बेडरूमला, एक स्वयंपाकघराला. तुम्ही एकट्या असता ना, मावशी."

बाईंची सगळी नोकरी इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेली होती. शुद्धीत नसलेल्या माणसालासुद्धा त्या आधी सांगायच्या, आता फोटो काढतेय हं, हलू नका. मगच बटण दाबायच्या. सोबतचे हसायचे, म्हणायचे, त्याला कुठे ऐकू येतंय. बाई तरीही सांगायच्या.

मुलाने मोबाइल खिशात टाकला. "आई, आधी ऐकून घे. मागच्या वेळी आम्ही आलो तर ओले कपडे खुर्च्यांवर, दारांवर, कपाटावर. बाहेर दोरी रिकामी असताना. गॅसवर दूध उतू गेलेलं. आणि तू मागच्या दारात उभी, नुसती बघत. तुझी सून तर घाबरलीच. आम्ही काय समजायचं?"

"दोरी का रिकामी होती, विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चहा पिऊन गेले दोघं. मागच्या दारातून नुसती मान बाहेर काढली असती तरी घरटं दिसलं असतं, तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आईचं डोकं फिरलंय हे मात्र परस्पर ठरवून मोकळे. आणि तिला इथवर आणलं कसं, तर पक्ष्यांचं आमिष दाखवून.

"तुझ्या काळजीपोटीच करतोय ना मी," मुलगा म्हणाला.

"काळजी वाटली तर ये. दार मी उघडेन."

"रोज येणं कसं जमेल?"

"मग फोन कर. तोही मीच उचलते."

त्या काचेच्या कपाटापाशी गेल्या. "तो हातात धरायचा कॅमेरा काढा."

सेल्समनने पुन्हा मुलाकडे पाहिलं.

"इकडे बघा," बाई म्हणाल्या. "घेणारी मी आहे."

"मावशी, याला बटणं फार आहेत."

"असू देत. बटणांत जन्म गेलाय माझा."

कॅमेरा घेऊन त्या थेट दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. घरी खिडकीच्या कठड्यावर टेकवावा तसा एका खोक्यावर टेकवला आणि कळ सरकवली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मुलगा जवळ आला, आणखी जवळ आला. दाढी करताना हनुवटीखाली राहून गेलेले केस दिसले. ओठाच्या कोपऱ्यात टूथपेस्टचा सुकलेला ठिपका दिसला. घाईत निघाला असणार. बाईंनी लाल बटण दाबलं.

जरा वेळाने त्याचं लक्ष गेलं. "आई, चालू आहे का तो?"

"हो."

"कधीपासून?" त्याने तोंडासमोर हात धरला. "अगं, असं न सांगता काय काढतेस? आधी विचारायचं तरी. बंद कर तो."

"हलू नकोस," बाई म्हणाल्या. कॅमेऱ्यावरची नजर त्यांनी काढली नाही. मग सेल्समनला म्हणाल्या, "लांबून स्वच्छ दिसतंय. हाच द्या."