पाहुण्याची चटई

“मित्रा, तुम्ही जरा मागे सरका. हा खंदक आमच्या तोफांना द्या. मनिलातून स्पॅनिशांना हाकललं, की आम्ही आपले घरी!” अमेरिकी कॅप्टन फिलिपिनो बंडखोरांच्या म्होरक्याच्या, मातेओच्या, गळ्यात हात टाकून म्हणाला.

स्पॅनिश तटासमोर चिखलात उभं राहून मातेओच्या माणसांनी तो खंदक खणला होता. माणसं कुरकुरली, पण त्यानं ऐकलं नाही. फिलिपिनो घरात पाहुणा आला, की यजमान आपली चटई त्याला अंथरून देतो आणि स्वतः ओट्यावर निजतो. त्यानं खंदक दिला, वर भाताचं टोपलंही दिलं.

शहर पडलं. धुतलेले सदरे घालून मातेओ आणि त्याची माणसं वेशीवर गेली, तर अमेरिकी बंदुका आडव्या आल्या.

“राज्य चालवायला अक्कल लागते, मातेओ,” कॅप्टन समजावणीच्या सुरात म्हणाला. “ती येईपर्यंत आम्ही राहू.”

“आली, हे ठरवणार कोण?”

“आम्हीच की.”

मातेओ परतला. वाटेत त्याचाच खंदक लागला. तटाकडच्या मातीच्या भिंतीतली बंदुका रोखायची भोकं बुजवली होती. गोरे शिपाई शीळ घालत मागच्या भिंतीला नवी भोकं पाडत होते, त्याच्या गावाच्या दिशेनं.