चौथ्या मजल्यावरचा रुमाल

शिवणवाल्या आजींच्या दाराला रुमाल नव्हता.

सिस्टर जिन्यातच थबकली. साडेनऊ वाजून गेले होते. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कडी रिकामीच.

"आजी! अहो आजी!" तिनं दार वाजवलं. आत काही हललं नाही.

नियम सोपा होता आणि तो सिस्टरनंच घालून दिला होता. गल्लीत जी म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांनी उन्हाळाभर सकाळी नऊच्या आत दाराच्या कडीला रुमाल बांधायचा, संध्याकाळी सोडायचा. रुमाल दिसला की माणूस ठीक आहे. नाही दिसला की दार वाजवायचं. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या इमारतीतल्या एक बाई उष्माघातानं गेल्या आणि लोकांना तिसऱ्या दिवशी कळलं. दार फोडलं तेव्हा सिस्टर पुढे होती. आख्खी नोकरी हॉस्पिटलात काढलेली बाई, पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली ती उडालीच. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. त्यातही एका दाराचा रुमाल बघितल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. ते दार चौथ्या मजल्यावर होतं.

"प्लंबर! वर ये रे, पाना घेऊन ये!" ती जिन्यातून ओरडली.

तळमजल्यावरचा प्लंबर तोंडाला फडकं बांधूनच वर आला. कचऱ्याची गाडी चार दिवस फिरकली नव्हती. कोपऱ्यावर ढीग साचला होता आणि सगळी गल्ली नाक दाबून वावरत होती.

"सिस्टर, या वासानं मीच आडवा होणार बघा. माझ्या दाराला पण एक रुमाल बांधा."

"तोंड आवर आणि कुलूप तोड. लवकर!"

प्लंबरनं पाना लावला, तेवढ्यात दार आतून उघडलं. आजी उभ्या होत्या. केसांतून पाणी निथळत होतं.

"काय गं? आग लागलीय का कुठं?"

"तुमचा रुमाल कुठाय?"

"धुऊन वाळत घातलाय. मळका रुमाल दाराला लावू होय? लोक काय म्हणतील!"

प्लंबर हसत सुटला. सिस्टर मात्र मटकन पायरीवर बसली. तिला धड हसू येईना, धड रडू येईना.

"आजी, एक दिवस तुमच्यापायी मीच जाईन."

"माझा नंबर आधी आहे. रांगेत उभी राहा," आजी म्हणाल्या आणि तिच्यासाठी पाणी आणायला वळल्या.

पाणी पिऊन ती वर निघाली. तिसऱ्या मजल्यावरचे रुमाल जागेवर होते. चौथ्यावर समोरचं बिऱ्हाड सुट्टीला गेलेलं. उरलं एकच दार. तिच्या सख्ख्या मोठ्या भावाचं, दादाचं.

सात वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. आई गेली तेव्हा सिस्टर ड्यूटीवर होती. "जगाची सेवा करतेस, आणि घरात आई मेली," असं दादा चारचौघांत म्हणाला. तिनंही तोंडाला येईल ते सुनावलं. त्यानंतर दोघं एकाच जिन्यानं चढायची-उतरायची, पण बघायची नाहीत एकमेकांकडे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. रुमालाची चिठ्ठी तिनं त्याच्या दाराखालून सरकवली, तेव्हा तो ती फाडून टाकणार याची तिला खात्रीच होती.

पण दुसऱ्याच दिवशी कडीला निळ्या काठाचा रुमाल होता. पक्की दुहेरी गाठ मारलेला. तेव्हापासून एकही खाडा नाही. सगळ्यांचे चुकले, दादाचा चुकला नाही. त्याचं दार वाजवायची वेळच आली नाही. रोज तो रुमाल दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. वाटायचं, दादा बोलतोय आपल्याशी.

आजही रुमाल होता. आत रेडिओ चालू होता. वर स्लॅब तापली होती आणि तो मेला वास इथवरही पोचला होता. तिनं नाकाला पदर लावला.

रोज ती इथूनच परत फिरायची. आज पाय निघेना. आजींच्या दारात भरलेली धडकी अजून उतरली नव्हती. उद्या काही झालं तर? तिनं दारावर हात टेकला.

"दादा." सात वर्षांत पहिल्यांदाच. "दादा, चुकलं माझं. तूही कमी बोलला नाहीस, पण चुकलं. मी चहाला येऊ का एकदा? आत्ता नको बोलूस. मी यायचं असेल तर उद्या रुमालाला एकच गाठ मार. मी समजेन."

रेडिओवर कुणीतरी सांगत होतं, पारा आणखी चढणार आहे.

ती डोळे पुसून वळली. गच्चीवरच्या खोलीत राहणारी झाडूवाली मावशी बादली घेऊन खाली येत होती. बादलीच्या कडीला फडकं बांधलं होतं. पक्की दुहेरी गाठ मारून.

"एकच गाठ मारायची का उद्यापासून?" मावशीनं विचारलं. "बरं, तशी मारते."

"तुम्ही?"

"मग कोण? दादांनी पहिल्याच दिवशी रुमाल माझ्या हातात दिला. म्हणाले, मला काही सकाळी लवकर उठवत नाही, पण तू एक दिवस चुकवू नकोस. माझी बहीण घाबरते." मावशीनं बादली खाली ठेवली. "मीच बांधते, मीच सोडते. पण सिस्टर, तुम्ही सांगा हो त्यांना. परवापासून तो रेडिओ रात्रंदिवस चालूच आहे."