अंधारातले नऊ सेकंद

लाल दिवा लागला. माइकसमोर उभी असलेली बाई काहीच बोलली नाही.

समोरच्या पडद्यावर जुना कृष्णधवल सिनेमा चालू होता. घोडे, धूळ, कमरेला पिस्तुलं, पण निम्म्याहून जास्त गोष्ट अंधारात घडणारी. शेवटचा प्रसंग होता. नवऱ्याचा खून झालेली विधवा घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली आणि खून करणारा, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख शेरीफच, तिच्यासमोर उभा. दिवा तिच्या पाठीमागे, त्यामुळे चेहरा काळाकुट्ट. नुसता टोपीचा काठ उजळलेला. "काय काय पाहिलंस तू?" शेरीफ विचारतो. मूळ सिनेमात ती नऊ सेकंद गप्प बसते, तो निघून जातो आणि सिनेमा संपतो.

"ताई, तुमची जागा हुकली," काचेपलीकडून डबिंग दिग्दर्शक म्हणाला.

हुकली नव्हती. हातातल्या कागदावर पेनानं नवं वाक्य लिहिलेलं तिला स्वच्छ दिसत होतं: मी काही पाहिलं नाही, साहेब, मला माफ करा. चॅनेलवाल्यांची तशी मागणी होती. नऊ सेकंद आवाज आला नाही की लोकांना टीव्ही बिघडला असं वाटतं म्हणे. दिग्दर्शकाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. विधवेचं तोंडच दिसत नाही म्हटल्यावर ओठ जुळवायची कटकट नाही. अंधारात काय वाटेल ते बसतं, असं तो सकाळपासून दोनदा म्हणून झाला होता.

दुसरा टेक. शेरीफनं विचारलं. बाई पुन्हा गप्प.

आता दिग्दर्शक आत आला. आधी त्यानं गोडीगुलाबीनं सांगून पाहिलं. एका वाक्यानं काय आभाळ कोसळणार आहे, असं विचारलं. मग आठवण करून दिली, की इतकी वर्षं तुमच्या वाट्याला नर्सा, शेजारणी आणि गर्दीतलं रडणं यायचं, हा पहिला मोठा रोल मी भांडून मिळवून दिलाय. ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. अकरा दिवस ती या विधवेबरोबर राहिली होती. नवऱ्याला पुरताना, दुकानदारानं दार लावून घेतलं तेव्हा, खिडकीतून गोळी आली तेव्हा. त्या बाईनं कुणाची म्हणून माफी मागितली नव्हती. आणि आता नुसतं तोंड दिसत नाही म्हणून ती माफी तिच्या तोंडात कोंबायची.

"जरा मागे घ्या," तिनं रेकॉर्डिस्टला सांगितलं. "आवाज बंद ठेवा. आता त्याचे पाय बघा."

शेरीफचे ओठ हलले. विधवा जागची हलली नाही, मान नाही की खांदा नाही. नवव्या सेकंदाला शेरीफचा पाय ओट्याच्या पायरीवरून मागे आला.

"मी माफी मागितली, तर हा मागे का सरकतो?"

दिग्दर्शकाचा आवाज चढला. "हे शेवटचं. नाहीतर उद्या दुसरीला बोलावतो. अख्खा सिनेमा तिच्या आवाजात होईल. तुमचा एक शब्द राहणार नाही."

लेकीला आणि जावयाला तिनं केव्हाच सांगून ठेवलं होतं, सगळे मिळून बघणार होते. तिनं हेडफोन नीट केला, कागद उलटा करून स्टँडवर ठेवला आणि घ्या म्हणाली.

लाल दिवा लागला. शेरीफनं विचारलं. बाई माइकच्या अगदी जवळ गेली आणि तोंड मिटून ताठ उभी राहिली. नऊ सेकंद तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, संथ, रोजच्यासारखा. शेरीफ मागे सरकला. रेकॉर्डिस्टनं कुणालाही न विचारता यादीत त्या टेकपुढे 'ओके' लिहिलं.

दिग्दर्शकानं खिशातून फोन काढला. "मग बोलावतो तिला."

"बोलवा," चष्म्याची घडी घालत बाई म्हणाली. "तिलाही तो मागे सरकताना दिसेलच."