सहाव्या आवृत्तीचे ठिगळ

सळई तिसऱ्यांदा खाली आली आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या बैठकीच्या खोलीतले काचेचे टेबल मधोमध फुटले. पहिल्या घावात पहारेकऱ्याचे मनगट मोडले होते, दुसऱ्यात भिंतीवरच्या टीव्हीचा पडदा फुटला होता. काचेचे तुकडे साहेबांच्या मांडीवर सांडले. ते झटकायचेही त्यांना भान राहिले नाही. सळई धरलेला माणूस दाराला पाठ लावून उभा होता. अंगात कारखान्याचा निळा डगला, ओठांच्या कडांना वाळलेली थुंकी. तो शिव्या देत नव्हता. आल्यापासून एकच प्रश्न विचारत होता.

"मशीन आपोआप खाली येऊ शकतं का?"

त्याच्या कारखान्यातली पत्रा दाबणारी अवजड मशिने या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत. अकरा दिवसांपूर्वी त्यांतले एक त्याच्या धाकट्या भावाच्या दोन्ही हातांवर कोसळले होते. मनगटांपुढे काही उरले नव्हते.

साहेबांनी घसा खाकरून पुन्हा तेच समजावले. कारखान्याकडे सहावी आवृत्ती होती. आता नववी चालू आहे. सहावीची जबाबदारी कंपनीने दोन वर्षांपूर्वीच सोडली आणि तसे रीतसर कळवलेही. बोलता बोलता त्यांचा हात सवयीने फायलीकडे गेला. सळई त्या हातावर बसली. साहेब ओरडले नाहीत. मोडलेली बोटे छातीशी धरून लहान मुलासारखे हुंदकले.

"मी कागद विचारला नाही," माणूस म्हणाला.

"ह्याला विचारा." साहेबांनी हनुवटीने कोपरा दाखवला. "दुरुस्त्या हाच बघतो. आमचा मौनीबाबा. सांग ना रे, आपल्याला काही कल्पना नाही म्हणून."

कोपऱ्यातल्या तरुण अभियंत्याला हे नाव कचेरीनेच ठेवले होते. चहाच्या सुट्टीतही तो खिडकीकडे तोंड करून उभा राही, आणि चार शब्द बोलला तर बाकीचे टाळ्या वाजवत. आत्ताही तो तोंड उघडण्याआधीच सळई त्याच्या खांद्यापाशी उतरली. गळ्याजवळचे हाड वाळक्या काटकीसारखे मोडलेले त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले. तो काचांवर कोसळला. माणूस त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि सळई त्याने आडवी, गळ्यावर धरली.

"येऊ शकतं का?"

खाली रस्त्यावर पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजत होता. आणखी दोन मिनिटे, फार तर तीन. "माहीत नाही" एवढेच म्हणायचे होते. हे दोन शब्द त्याला जिवंत ठेवणार होते, आणि त्याची नोकरीही.

पण त्याला माहीत होते.

नवव्या आवृत्तीत त्याला एक भोक सापडले होते. बाहेरचा कुणीही त्यातून आत शिरून मशीनला हुकूम देऊ शकला असता. त्याने ते बुजवले. सहावीतही अगदी तेच भोक होते. कोडच्या सतरा ओळींचे ठिगळ पुरले असते, अर्ध्या दिवसाचे काम. ते मागणारी कारखान्याची चार पत्रे त्याच्याच टेबलावर पडून होती. त्याने साहेबांना विचारलेही होते. जुन्याला ठिगळं लावत बसलो तर नवं कोण घेईल, असे साहेब हसून म्हणाले आणि सगळे हसले. तोही हसला होता.

इतक्यावर थांबले असते तर तो कदाचित गप्प राहिला असता. पण दुरुस्ती केली की तिचे टिपण जगजाहीर करायचे, ही कंपनीची रीत होती. भोक कुठे होते, त्यातून आत कसे शिरता येत होते, आता ते कसे बुजवले. चारचौघांत बोलता न येणाऱ्या त्या अभियंत्याला टिपण लिहिताना कविता लिहिल्याचे सुख लाभे. एक शब्द जास्त नाही, एक पायरी कमी नाही. नववीवाले सुरक्षित झाले. सहावीवाल्यांच्या दाराची किल्ली मात्र चौकात टांगली गेली, हे लिहिताना त्याच्या ध्यानीही आले नव्हते. नऊ दिवसांपूर्वी कारखान्यातून मशीनच्या नोंदी आल्या. अपघाताच्या दिवशी कुणी अनोळखी इसम पहाटेपासून मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरला होता. त्याच्याच टिपणातल्या सात पायऱ्या होत्या, त्याच क्रमाने. साहेबांनी त्या नोंदी वाचल्या आणि याविषयी कुठे काही लिहायचे नाही, असे त्याला बजावले.

"हो," तो म्हणाला. लोखंडाखालून शब्द खरवडत बाहेर आला. "आपोआप नाही. बाहेरच्या कुणीतरी चालवलं. तशा नोंदी आहेत आमच्याकडे. आणि आत शिरायची वाट मीच लिहून दिली होती."

"गप्प बस, मूर्खा," साहेब म्हणाले.

तो गप्प बसला नाही. आयुष्यात प्रथमच तो न थांबता बोलत होता. सतरा ओळी, चार पत्रे, सात पायऱ्या. काही म्हणता काही वगळले नाही. सांगून झाल्यावर त्याने डोळे मिटले आणि मान किंचित वळवली, म्हणजे घाव कानशिलावर बसेल आणि लवकर आटपेल.

घाव आला नाही. छातीवरचे ओझे सरकले. सळई काचांवरून खडखडत भिंतीपर्यंत गेली. जिन्यावर बुटांचे आवाज चढत होते. त्याने डोळे उघडले तेव्हा तो माणूस त्याच्या शेजारी काचांत फतकल मारून बसला होता आणि त्याचा मोडका खांदा अलगद, जपून चाचपत होता.

"त्या दिवशी मशीनच्या बटणापाशी मी होतो," तो कुजबुजला. "म्हणजे मी दाबलं नव्हतं ना?"