चालताना अबोला

"थांबू नका काका, चालत राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्याने सांगा."

"सत्त्याण्णव," सलूनवाले म्हणाले आणि जागच्या जागी उभे राहिले. डोक्यावर मेंदूची हालचाल टिपणारी तारांची टोपी, पायाखाली लांबलचक चटई. भिंतीजवळच्या खुर्चीवरून त्यांची बायको बघत होती. ती शिवणवर्ग चालवायची, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत.

बाईंना हसू आलं नाही. तीस वर्षं या माणसाची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालली होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याची सुटका नसे. घरी अजूनही तेच. पण गेलं वर्षभर संध्याकाळी दोघं फिरायला निघाले की यांच्या तोंडाला कुलूप. बाई दिवसभराचं सांगत, काहीबाही विचारत. हे खाली मान घालून चालत. गेल्या आठवड्यात पुलावर बाई म्हणाल्या होत्या, "सुईत दोरा ओवता येत नाही हो आता. भीती वाटते." यांनी हूं की चूं केलं नाही.

चारचौघांत आपल्याशी बोलायची लाज वाटते? की आपण बरोबर नकोच आहोत? बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ही तपासणी झाली की फिरणं बंद. जाऊ देत एकटे.

"इकडे बघा," डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. काका बसले होते तेव्हाची त्यांच्या मेंदूची रेघ संथ होती. चालायला लागले तशी ती करवतीच्या दात्यांसारखी झाली होती. "मधुमेहाने यांच्या पायांच्या नसा निकामी होत चालल्यात. पाय जमिनीला टेकला की नाही, तेच त्यांना नीट कळत नाही. तुम्ही-आम्ही चालतो तेव्हा मेंदूला फारसं लक्ष घालावं लागत नाही. यांचा मेंदू मात्र एकेक पाऊल स्वतः बघून टाकतोय. बोलायला गेले की पाऊल अडतं."

बाई नवऱ्याकडे वळल्या.

"कधीपासून हे?"

"झालं की वर्ष," सलूनवाले म्हणाले. ते आता खुर्चीत बसले होते. डॉक्टरीणबाई टोपीच्या तारा सोडवत होत्या.

"वर्ष!" बाई उसळल्या. "घरी अखंड टकळी चालू असते तुमची. एवढं एक सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं असतंस?" सलूनवाले म्हणाले. "दिवसभर तुझ्याभोवती त्या शिकणाऱ्या पोरी. संध्याकाळचा तो अर्धा तासच काय तो तू एकट्या माझ्या वाट्याला येतेस."