दोरीचं उत्तर

चिखलात हात कोपरापर्यंत गेला आणि बोटांना काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. धाकट्याने ते मास्कच्या काचेपाशी आणलं. डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात सोन्याचं झाकण चमकलं. खिशात ठेवायचं जुनं घड्याळ होतं ते, साखळीसकट, आणि झाकणावर वेल कोरलेली.

पुलाखालच्या या डोहात दोघं भाऊ कित्येक वर्षं जुन्या वस्तू शोधत होते. पूल नव्हता तेव्हा इथून नाव चालायची आणि चढता-उतरता लोकांच्या हातून काय काय पाण्यात पडायचं. आजवर हाती लागले ते बहुतेक चमचे, बटणं आणि गंजकी कुलपं. दादाचा डावा कान याच कामात गेला होता. पुन्हा बुडी मारलीत तर उजवाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हापासून दादा वर होडीत दोरी धरून बसायचा आणि धाकटा खाली जायचा. वरून एक झटका आला की दादा विचारतोय, बरा आहेस ना? खालून एक झटका, म्हणजे बरा आहे. दोन, म्हणजे काहीतरी मिळालं. आणि जे मिळेल ते निम्मं निम्मं.

हे निम्मं धाकट्याला हल्ली सलायला लागलं होतं. बायकोही अधूनमधून तेच ऐकवायची. चिखल चिवडायचा यांनी, गारठायचं यांनी, आणि भाऊजी वर बसून थर्मासमधला चहा पिणार.

त्याने दोन झटके दिले नाहीत. हातमोजा काढून काखेत धरला, एका हाताने सूटचा गळा ताणला आणि दुसऱ्या हाताने घड्याळ आत सरकवायला लागला. तेवढ्यात दोरीला झटका बसला.

दादाला कळलं, असंच त्याला वाटलं. तीन पुरुष खोल पाण्याखाली, त्या गढूळ अंधारात काय चाललंय ते दादाला कसं कळणार, पण तो घाईघाईने घड्याळ आत ढकलायला लागला. दुसरा झटका आला, जोरात. उत्तर द्यायचं तर एक हात सोडावा लागणार आणि घड्याळ पुन्हा चिखलात जाणार. त्याने घड्याळ सोडलं नाही. पुढचे झटके एकापाठोपाठ एक आले, मग थांबले. घड्याळ गारेगार छातीवरून खाली सरकलं आणि त्याला हायसं वाटलं.

एवढ्यात कुणीतरी त्याचा खांदा पकडला. दादा होता. अंगात शर्ट-पँट, तोंडावर मास्क नाही, डोळे उघडे. माणूस अडकला असेल तर त्याला वरून ओढायचं नसतं, तोंडातली श्वासाची नळी निसटते. म्हणून तो दोरीला धरून धरून स्वतःच खाली आला होता. त्याने धाकट्याचे पाय चाचपले, ते मोकळे आहेत असं कळल्यावर त्याला मिठीत घेतलं आणि वर आणलं.

होडीत दादा बराच वेळ खोकत होता. त्याच्या उजव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली होती. तिकडे लक्ष न देता त्याने धाकट्याला पाठमोरं केलं. सूटची चेन पाठीवर होती, ती नेहमी दादाच उघडायचा.

"राहू दे दादा, मी काढतो," धाकटा म्हणाला. दादाने चेन उघडली, ओला सूट खांद्यांवरून कमरेपर्यंत खेचला आणि घड्याळ फळीवर पडलं.

दादाने ते उचललं, शर्टाला पुसलं आणि हसला. "हे धरून बसला होतास होय? हात मोकळे नव्हते म्हणून झटका दिला नाहीस? अरे वेड्या, सोडून द्यायचं. मला वाटलं, गेलास तू." त्याचा आवाज नेहमीपेक्षा फार मोठा येत होता. त्याने घड्याळ धाकट्याच्या हातात दिलं आणि बोटं मिटवली. "ठेव. हे तुझंच. याचं निम्मं नको मला."

धाकट्याला मान वर करवेना. होडीची फळी निघून आपण परत तळाला जावं, इतकी लाज वाटली त्याला.

"दादा, मी ते लपवत होतो."

दादाने उजवा कान पुढे केला. मग त्यात बोट घातलं, फिरवलं आणि लाल झालेल्या बोटाकडे बघितलं. काठावर गळ टाकून बसलेले दोघंजण काय झालं ते बघायला उठून पाण्याशी आले होते.

"मोठ्याने बोल," दादा म्हणाला. "काहीच ऐकू येत नाहीये."