वाकड्या ओळींचं पत्र

ताईच्या पत्राला पेंटरने उत्तर दिलं नव्हतं. एकटी पडल्यावर तिने विचारलं होतं, 'तुमच्याकडे येऊन राहू का?' उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होतं. पण दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेला हा माणूस बहिणीला चार ओळी लिहायला बसला, की प्रत्येक कागद त्याला भिकार वाटायचा आणि त्याचा बोळा व्हायचा. असं करता करता वर्ष सरलं.

आता तो हॉस्पिटलात होता. अंग पिवळं, डोळे त्याहून पिवळे.

"हा पिवळा मी एकाही पाटीला लावला नसता," तो बायकोला म्हणाला. "फार भडक आहे."

"गप्प पडून राहा हो," ती म्हणाली, पण हसली.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "हेपॅटायटिस बी, काका. मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा या विषाणूला आपणच हुसकावतं. तुमचं लिव्हर मात्र फार थकलंय. रक्त गोठायला वेळ लागतोय. म्हणून विषाणूला रोखणारी ही गोळी, रोज उपाशीपोटी. लिव्हर सावरलं तर उत्तमच. नाही तर दुसरं बसवायची वेळ येईल." मग त्यांनी त्याच्यापुढे कागद ठेवला. "आजार डोक्यात चढायला लागला, तर ते अक्षरात दिसतं. रोज एक ओळ लिहून दाखवायची."

"चांगलं अक्षर हवं असेल तर वेळ लागेल."

"चांगलं नको. येईल तसं."

असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याने लिहिलं, 'प्रिय ताई, उत्तराला उशीर झाला.'

दुसऱ्या दिवशीची ओळ जरा खाली घसरली. त्यानंतरची त्याने जिवापाड सांभाळून लिहिली. सिस्टरने कागद पाहिला आणि ती डॉक्टरांना बोलवायला धावली.

"काय झालं? सरळ तर आहे," तो म्हणाला.

"सरळच आहे," बायको म्हणाली आणि त्याचा हात धरून खिडकीकडे बघत राहिली. दुसऱ्या लिव्हरसाठी मोठ्या हॉस्पिटलला फोन गेला. गोळी चालूच होती. पुढे काय झालं, ते त्याला आठवत नव्हतं.

मग एका सकाळी त्याने आपणहून पेन मागितलं. लिहिलं, 'तू ये. मागची खोली रंगवून ठेवतो.' ओळ दोरी धरल्यासारखी सरळ आली.

डॉक्टरीणबाईंनी ती दोनदा वाचली. "रक्तही सुधारतंय, काका. दुसऱ्या लिव्हरचं आता नाव नको. गोळी मात्र मी सांगेपर्यंत सोडायची नाही."

त्या गेल्यावर त्याने वरच्या ओळी पाहिल्या. एक कागदाच्या कडेवरून उतरून गेली होती. एकीत नुसतंच ताई, ताई, ताई. त्याचे कान तापले.

"हे असलं पाठवायचं? कोरा कागद दे. नीट उतरवून काढतो."

"तुमचं नीट मला ठाऊक आहे," बायको म्हणाली. "कोरा कागद माझ्याकडून मिळायचा नाही." तिने पत्र घडी करून पाकिटात घातलं आणि ती तडक खाली गेली.

त्याने खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी तिने पाकीट टपालपेटीत टाकलं. मग पेटीवर दोन थापा मारल्या, पत्र पार तळाला जावं म्हणून, आणि वर खिडकीकडे बघितलं.